पाळणा जत्रेत फिरण्याआधी

खरिपाची मळणी उरकते, रब्बीची ज्वारी पोटरीला येते आणि गावोगावच्या जत्रांचे दिवस जवळ येतात. दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. मग नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाची यात्रा, संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराचा गड्डा, पौषात सातारा जिल्ह्यातल्या पालीला खंडोबा-म्हाळसेचे लग्न, आणि चैत्री पौर्णिमेला जोतिबाचा डोंगर. देवदर्शन झाले, बैलबाजारात एक चक्कर झाली, पावशेर गोडीशेव बांधून घेतली, की लेकरे आईचा पदर ओढू लागतात ते एकाच दिशेला. तिकडे दिव्यांच्या माळा ल्यालेला आकाशपाळणा गरगर फिरत असतो.

आपण तिकीट काढतो, बसतो, पोटात गोळा येतो, हसत खाली उतरतो. पण हा पाळणा फिरू लागण्याआधी त्याच्यामागे किती दिवस कोणकोणते हात राबलेले असतात, याचा विचार सहसा मनात येत नाही. औताला बैल जुंपण्याआधी जू, शिवळा, जोते सगळे नीट पाहणाऱ्या शेतकऱ्याला ही पडद्यामागची तयारी समजायला जड जाणार नाही. किंबहुना ती त्याला समजणे गरजेचेच आहे. कारण त्या पाळण्यात आपलेच लेकरू बसते.

रहाट आणि रहाटपाळणा

आपल्या भाषेत याला रहाटपाळणा असे जुने नाव आहे. विहिरीवरच्या रहाटाला जशी गाडगी बांधलेली असत, तसे या चाकाला पाळणे बांधलेले. चार पाळण्यांचा लाकडी रहाट दोन माणसांनी हातांनी ओढून फिरवायचा, ही जत्रेतली जुनी रीत. लोखंडी अवाढव्य चाकाची कीर्ती जगभर झाली ती १८९३ साली. अमेरिकेत शिकागोच्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिस नावाच्या इंजिनिअरने २६४ फूट उंचीचे चाक उभे केले होते. त्याला ३६ डबे होते आणि एकेका डब्यात साठ माणसे मावत. आपल्याकडे मुंबईजवळ गोराईला १९८९ साली आणि खोपोलीजवळ २०१३ साली मोठी करमणूक उद्याने सुरू झाली. पण खेड्यातल्या माणसाचा पाळणा अजूनही ट्रकमधून जत्रेला येतो आणि जत्रा पांगली की ट्रकमधूनच पुढच्या गावाला जातो.

पाळणेवाल्याचा हंगाम आपल्यासारखाच असतो, फक्त उलटा. पाऊस पडला की आपले काम सुरू होते आणि त्याचे बंद. कार्तिकापासून वैशाखापर्यंत जे मिळेल त्यावर पावसाळा काढायचा. शिवाय २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत कोरोनामुळे जत्रा भरल्या नाहीत. त्या काळात लोखंड उघड्यावर गंजत पडले आणि कर्जाचे व्याज मात्र चालू राहिले. दुष्काळात दावणीची जनावरे विकावी लागणे काय असते, हे ज्याने सोसले आहे त्याला या धंद्याची कळ वेगळी सांगायला नको.

पावसाळ्यानंतरची झाडाझडती

दसरा-दिवाळीच्या सुमारास सामान बाहेर निघते. आरे, खांब, पाळणे, आस, साखळ्या, दोरखंड, नट-बोल्टांची पोती. पहिले काम गंज काढण्याचे. तारेच्या ब्रशने लोखंड उघडे करायचे, मग लाल ऑक्साइडचा हात द्यायचा आणि त्यावर झगझगीत रंग. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधीच रंग फासला तर तो गंज झाकतो, थांबवत नाही. आतून किडलेल्या वाशाला वरून गेरू लावण्यासारखेच ते.

दुसरे काम आसाचे आणि बेअरिंगांचे. बैलगाडीच्या आसाला वंगण नसले तर चाक करकरते हे आपल्याला ठाऊक आहे. इथे एका आसावर साऱ्या पाळण्यांचा भार असतो. जुने ग्रीस रॉकेलने धुऊन काढतात, गोळ्या झिजल्या आहेत का, खाचे पडले आहेत का ते पाहतात, हाताने फिरवून कानाने आवाज घेतात आणि मग नवे ग्रीस भरतात. पुढे जत्रेतही चाक थांबले की बेअरिंगच्या घरावर हात ठेवून पाहतात. हाताला चटका बसला तर आत काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

तिसरे काम सर्वांत बारीक, आणि तेच सर्वांत मोलाचे. ते म्हणजे भेग शोधणे. बादलीची कडी एकदा वाकवली तर तुटत नाही. पण तीच शंभरदा इकडून तिकडे वाकवली की कट्कन तुटते. पाळण्याच्या आसाला आणि खिळींना असाच झोका सतत बसत असतो. चाक मिनिटाला सहा फेरे घेते आणि रात्रीच्या सहा तासांपैकी निम्मा वेळ फिरत असते असे धरले, तर एका रात्रीत हजाराहून अधिक फेरे होतात. दर फेऱ्याला लोखंडावरचा ताण बदलतो. त्यातून केसासारखी भेग पडते. ती डोळ्याला दिसत नाही, पण दिवसेंदिवस वाढत जाते.

ही भेग ओळखण्याची एक जुनी युक्ती कारखान्यातल्या फिटरला ठाऊक असते. ट्रॉलीचा आस तपासायला ती शेतकऱ्यालाही उपयोगी पडेल. लोखंड स्वच्छ घासून त्यावर रॉकेल लावायचे आणि वीस-पंचवीस मिनिटे मुरू द्यायचे. मग फडक्याने कोरडे पुसून त्यावर खडूची पूड किंवा चुन्याचा पातळ थर द्यायचा. भेग असेल तर आत मुरलेले रॉकेल हळूहळू बाहेर येते आणि पांढऱ्या थरावर काळपट रेघ उमटते. आता याच कामासाठी लाल रंगाची खास औषधे बाजारात मिळतात, पण तत्त्व तेच. मात्र यातून वरवर उघडलेली भेगच दिसते. आत दडलेला दोष शोधायला यंत्रानेच तपासणी करावी लागते. भेग सापडली की त्यावर वेल्डिंगचा ठिपका देऊन भागवणे हा शुद्ध घातकी उद्योग होय. तो भाग बदललाच पाहिजे.

तारांच्या दोरावरून कधीही उघडा हात फिरवीत नाहीत. त्यावरून चिंधी ओढत नेतात. जिथे चिंधी अडकली तिथे तार तुटली आहे. तुटलेल्या तारा मोजायच्या आणि मर्यादेपलीकडे गेल्या की दोर बाद करायचा.

जागा आणि उभारणी

आता सामान गावात आले. इथून पुढचा निम्मा कारभार पाळणेवाल्याच्या हातात नसून तुमच्या-आमच्या हातात आहे. कारण जागा ग्रामपंचायत किंवा यात्रा समिती देते.

काळ्या जमिनीची खोड शेतकऱ्याला सांगावी लागत नाही. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. नांगरलेल्या रानात किंवा नुकताच भराव टाकलेल्या जागी पाळणा उभा केला तर एक पाय खचायला एक अवकाळी सर पुरते. म्हणून जागा मुरमाड आणि घट्ट हवी. खांबांखाली रुंद लाकडी स्लीपर टाकून भार पसरवायचा, पाण्याच्या नळीने पातळी जुळवायची, ओळंब्याने खांब सरळ आहेत का ते पाहायचे आणि चारी बाजूंनी ताण द्यायचे. दरवर्षी पाहावे तो पाळणा विजेच्या तारांजवळ उभा, असे काही गावांत घडते. लोखंडी चाक आणि उघडी तार यांच्यात भरपूर अंतर असलेच पाहिजे, यात तडजोड नाही.

प्रत्येक बोल्टला नट, नटाखाली वॉशर आणि जिथे हादरा बसतो तिथे नट सुटू नये म्हणून पिन, असा नियम आहे. पिनेच्या जागी खिळा किंवा वाकवलेली तार घातलेली दिसली तर समजावे, इथे चालढकल आहे. इंजिन किंवा मोटर, ब्रेक, जनरेटर आणि विजेची जोडणी यांची तपासणी वेगळी. जमिनीवरून गेलेल्या वायरींचे सांधे उघडे असता कामा नयेत, आणि लोखंडी सांगाड्याला अर्थिंग हवेच.

यानंतर पाळणा रिकामा फिरवतात. मग वाळूची पोती भरून फिरवतात. माणसाआधी पोती बसतात, ही या धंद्यातली शहाणी रीत.

वजनाचा हिशेब

पाळण्यावरचा माणूस माणसे बसवताना एकदम शेजारचे पाळणे भरत नाही. एक भरला की समोरचा भरतो. कित्येकांना वाटते, हा उगाच वेळ काढतो. पण हिशेब करून पाहा. माणूस सरासरी साठ किलोचा धरला तर चौघांच्या पाळण्यात २४० किलो होतात. एकाच बाजूचे चार पाळणे भरले आणि समोरचे चार रिकामे राहिले, तर एका अंगाला ९६० किलो जादा. म्हणजे जवळजवळ दहा क्विंटलची पोती एकाच बाजूला लटकवल्यासारखे झाले. इंजिन ओढेल कसे आणि ब्रेक धरेल कसा? बैलगाडी उलार झाली की काय होते ते आपण जाणतोच. म्हणून तो सांगेल त्या पाळण्यात मुकाट बसावे. ओळखीने मध्येच चढायचा हट्ट धरू नये.

वेगाचेही तसेच. चाळीस फूट व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे सव्वाशे फूट. मिनिटाला सहा फेरे घेतले की कडेचा पाळणा तासाला साधारण चौदा किलोमीटरने जातो. हा सायकलचा वेग झाला. ऐकायला थोडा वाटतो, पण चाळीस फूट उंचीवर पुरेसा आहे. पोरे ओरडतात म्हणून वेग वाढवणारा चालक हुशार नव्हे.

दुर्लक्षाची किंमत

१४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादला कांकरिया तलावाजवळच्या उद्यानात झोक्यासारखा हेलकावणारा एक मोठा पाळणा चालू असतानाच तुटून पडला. दोन जण दगावले, पंचवीसहून अधिक जखमी झाले. ते शहरातले कायमचे उद्यान होते, जत्रेतला फिरता पाळणा नव्हे. तेव्हा मोठे ते सुरक्षित आणि गावठी ते धोक्याचे, असे समजण्यात अर्थ नाही. लोखंड श्रीमंत-गरीब ओळखत नाही. त्याला वेळच्या वेळी पाहणारा डोळा लागतो.

आणि इथे एक कडू गोष्ट बोलायला हवी. जागेचा लिलाव चढत गेला की गावाला आनंद होतो. पण चार दिवसांच्या जत्रेसाठी जागेचे भाडे अवाच्या सव्वा झाले, तर पाळणेवाला ते कुठून भरून काढणार? दोन दिवसांची उभारणी एका रात्रीत उरकणार, चौघांच्या जागी सहा जण बसवणार, थकलेल्या पोराला पहाटेपर्यंत ब्रेकवर उभे करणार. लिलावाची बोली वाढते तेव्हा कुणाच्या तरी लेकराची सुरक्षितता त्या बोलीत विकली जात नाही ना, हे समितीने पाहिले पाहिजे. उभारणीला आणि चाचणीला पुरेसे दिवस आधी जागा ताब्यात द्यावी. पोलिसांची परवानगी, विजेच्या जोडणीची तपासणी, यंत्र सुस्थितीत असल्याचा दाखला आणि विम्याचे कागद ही सर्व पाहूनच चाक फिरू द्यावे. कागद नसेल तर पाळणा नाही, एवढे एकदा ठरले की पुढच्या वर्षी कागद आपोआप येतात.

पाळण्याबरोबर बिऱ्हाडही येते. ट्रकच्या सावलीत चूल मांडलेली असते आणि शाळेच्या वयाची मुले तिकिटे फाडताना दिसतात. ऊसतोडीच्या मुलांसारखीच त्यांची शाळा तुटते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने अशा मुलाला वयाला साजेशा वर्गात बसण्याचा हक्क दिला आहे. जत्रा लांबणार असेल तर गावच्या गुरुजींनी चार दिवस त्यांना वर्गात बसवून घ्यावे. शिवाय पाण्याचा टँकर आणि संडासाची सोय त्यांच्याही वाट्याला यावी. रात्रभर झोपलेला, पोटभर जेवलेला माणूस ब्रेकवर असणे हे आपल्याच हिताचे आहे.

लेकराला बसवण्याआधी

आयाबायांनो, पाळण्यात बसण्याआधी दोन मिनिटे बाजूला उभे राहून एक फेरी नुसती पाहा. चाक एका लयीत फिरते की मध्येच अडखळते? खांब हलतात का? करकर ऐकू येते का? प्रत्येक पाळण्याला दाराची कडी आणि समोरचा दांडा आहे ना? चालक जागेवर आहे की कुणा पोराच्या हाती सोडून चहाला गेला आहे? भोवती कुंपण आहे का? यातले काही खटकले तर लेकरू रडले तरी चालेल, पण पुढे जावे.

बसताना पदर खोचून घ्यावा, ओढणीला गाठ मारावी, मोकळी वेणी अंबाड्यात बांधावी. फिरत्या भागात केस किंवा कापड सापडून भयंकर इजा होते. तान्ह्या बाळाला घेऊन बसू नये. गरोदर बाईने, हृदयविकार वा फेफरे असलेल्याने आणि दारू प्यालेल्याने बसू नये. वारा सुटला, ढग गडगडले तर पाळणा थांबवायला लावावे. वीज गेली आणि आपण वर अडकलो, तर उतरायची धडपड करू नये. जागेवर बसून राहावे. ब्रेक धरून चाक हाताने सावकाश फिरवीत माणसे एकेक करून उतरवता येतात.

सारे ठीक दिसले, तर मात्र खुशाल बसा. वर्षभर मातीकडे पाहणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा उंचावरून आपले गाव दिसावे, देवळाचा कळस आणि पलीकडचे आपले रान एका नजरेत यावे, यासारखी करमणूक थोड्या पैशांत दुसरी नाही. उतरल्यावर ब्रेकवर उभ्या असलेल्या त्या तेलकट हातांच्या माणसाला चांगले काम केलेस म्हणून दोन शब्द जरूर बोला. आणि गावच्या यात्रा समितीची बैठक ठरेल, तेव्हा लिलावाच्या आकड्याआधी तपासणीचा विषय काढा.