दगडात मुरलेले तेल आणि हरित द्रावक

आपल्या वसईचे जुने नाव, बेसिन, समुद्रातल्या एका वायुक्षेत्रालाही आहे. त्याच्याही पलीकडे, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, मुंबई हाय हे तेलक्षेत्र. 'सागर सम्राट' या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या मंचाला १९७४ साली तिथे तेल लागले.

हे तेल तळ्यासारखे साचलेले नसते. विटेत पाणी मुरावे तसे ते चुनखडकाच्या बारीक छिद्रांत मुरलेले असते.

आधी खालच्या दाबानेच ते वर येते. दाब ओसरला की पाणी आत सोडून तेल रेटतात. मुंबई हायमध्ये हे अनेक वर्षे चालू आहे. एवढे करूनही जगभरच्या क्षेत्रांत बरेचदा निम्म्याहून जास्त तेल खालीच राहते. चुनखडकाला तेल घट्ट धरून बसते आणि पाणी बाजूने निसटते.

इथे द्रावक, म्हणजे विरघळवणारा पदार्थ, कामी येतो. तो तेल पातळ करतो किंवा दगडावरची त्याची पकड सोडवतो. नेहमीच्या पेट्रोलियम-द्रावकांपेक्षा कमी घातक मानला जाणारा द्रावक तो 'हरित'.

एक उदाहरण पाहा. कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ते कोलिन क्लोराइड आणि शेतातला युरिया, दोन्ही पांढरे, कोरडे. कोलिनच्या एका रेणूला युरियाचे दोन, असे मिसळून गरम केले की त्यांचा दाटसर द्रव होतो आणि थंड झाल्यावरही द्रवच राहतो.

आता चाचणी. खडकाचा दंडगोल तुकडा खाऱ्या पाण्याने, मग तेलाने भरतात. पाणी ढकलून निघेल तेवढे तेल काढतात. त्यानंतर द्रावक सोडून आणखी किती निघाले ते मोजतात. हरित द्रावकांचे बरेचसे काम अजून याच टप्प्यावर आहे.

घोळ होतो तो पुढे. कोलिन-युरियाच्या द्रवात पाणी फार झाले की त्याची घडण मोडते आणि उरते नुसते युरिया-कोलिनचे पाणी. आणि खडकात तर आधी सोडलेले पाणीच पाणी! खडकाला भेगा असल्या, तर महागडा द्रावक तेलाला न शिवता थेट दुसऱ्या विहिरीतून बाहेर पडतो. वर आलेले तेल-पाणी कधी ताकासारखे घुसळले जाते आणि वेगळे करता करता नाकी नऊ येतात.

आणि 'हरित' या शब्दावर विसंबू नका. संत्र्याच्या सालीतले लिमोनीनही हरित द्रावकच, पण जलचरांना ते अतिशय विषारी आहे. वसईकडच्या अर्नाळा, पाचूबंदरच्या मासेमारीच्या होड्या याच समुद्रात जातात. म्हणून असा प्रयोग इथे होणार असेल, तर किती तेल वाढेल याआधी आपण एवढेच विचारावे: द्रावक समुद्रात सांडला, तर मासळीचे काय?