‘माझा मोठा मुलगा पुण्यात असतो’

हैदराबादेत कुणी जरा विचित्र वागलं, की मित्र लगेच म्हणतात, ‘‘इसकू एर्रागड्डा भेजो!’’ सरकारी मनोरुग्णालय तिथे आहे, म्हणून. पुण्याकडे हाच विनोद येरवड्यावर होतो, मुंबईकडे ठाण्यावर. बडोद्याचा माझा मावसभाऊ कारेलीबागेचं नाव घेतो. प्रत्येक शहराला असं एक नाव असतंच.

हा विनोद मीही भरपूर केलाय. २०१० पर्यंत. त्या वर्षी माझा दादा आजारी पडला.

दादा तेव्हा तेवीस वर्षांचा होता आणि मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आधी त्याची झोप गेली, मग तो आमच्याशी बोलेनासा झाला, आणि मग शेजारचे लोक भिंतीपलीकडून आपल्याबद्दल बोलतात असं सांगायला लागला. निदान व्हायला आठ महिने गेले, कारण मधले सहा महिने आम्ही दृष्ट, पत्रिका आणि ‘वय आहे, होईल नीट’ यांत घालवले. निदान झालं स्किझोफ्रेनियाचं. औषधं सुरू झाली, लागू पडली. पण शिक्षण सुटलं ते सुटलंच.

काचीगुड्यात आमचं घर तीन पिढ्यांचं. ओळखी भरपूर. बाबांनी एक दिवस कुणाला तरी सांगून टाकलं, ‘‘थोरला पुण्याला नोकरीला लागला.’’ दादा तेव्हा मागच्या खोलीत होता. पाहुणे आले की त्या खोलीचं दार लागायचं. गणपतीत मंडळात कुणी विचारलं की मीही तेच सांगायचो. २०१९ मध्ये बाबा गेले आणि ते खोटं आईकडे आलं. तिनं हळूहळू हळदीकुंकवाला जाणं बंद केलं. प्रश्न नकोत म्हणून.

एक्सेल शीट आणि माझी चूक

२०२२ च्या उन्हाळ्यात आईचं बीपी एकदम वाढलं. दवाखान्यातून परत येताना रिक्षात ती म्हणाली, ‘‘माझ्यानंतर याचं काय रे?’’ मी ‘मी आहे ना’ म्हणालो. पण त्या रात्री लक्षात आलं, की बारा वर्षांत आम्ही घरातल्या घरातही या विषयावर नीट बोललो नव्हतो.

मी सॉफ्टवेअरवाला. प्रश्न आला की एक्सेल शीट उघडतो. ‘ग्रुप थेरपी’, ‘सपोर्ट ग्रुप’, ‘हैदराबाद’ असं शोधून चौदा नंबर गोळा केले. पाच बंद निघाले. तीन ठिकाणी फक्त एकट्यानं समुपदेशन होतं, दोन ठिकाणी गट होते पण व्यसनमुक्तीचे. उरलेल्यांपैकी एकाची जाहिरात फार छान होती: ‘गटातून मनःशांती’. शनिवार-रविवारचा कार्यक्रम, मोठा हॉल, माईक. मी दादाला घेऊन गेलो.

तिथल्या प्रशिक्षकानं दुसऱ्या दिवशी सांगितलं, की गोळ्या म्हणजे कुबड्या, मन खंबीर केलं की त्या सोडता येतात. पुढच्या कोर्सची फी अठरा हजार. मला ते खटकलं, पण मी तिथेच काही बोललो नाही. दादाला मात्र ते पटलं. बारा वर्षं गोळ्या खाऊन कंटाळलेल्या माणसाला ते पटणारच. त्यानं आम्हाला न सांगता गोळ्या बंद केल्या. महिन्याभरात भिंतीपलीकडचे आवाज परत आले. एकोणीस दिवस ॲडमिट करावं लागलं.

ते एकोणीस दिवस मी स्वतःला दोष देत होतो. आजही थोडा देतो. म्हणून हा लेख.

गट म्हणजे नक्की काय

दादाला घरी सोडताना तिथल्या सामाजिक कार्यकर्तीनं आईला विचारलं, ‘‘याची औषधं आम्ही बघतो. तुमचं कोण बघतं?’’ आईला प्रश्नच कळला नाही. मग बाईंनी सांगितलं, की रुग्णांच्या घरच्यांचा एक गट महिन्यातून दोनदा बसतो, फी नाही. चौदा नंबर फिरवून जे मिळालं नव्हतं, ते बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर मिळालं.

त्यांच्याकडूनच मला फरक कळला. ग्रुप थेरपी हा उपचार आहे. ती प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट घेतो. साधारण सात-आठ जण, ठरलेले आठवडे, आणि आधी प्रत्येकाशी वेगळं बोलून मगच प्रवेश. आधारगट वेगळा. तिथे एकाच प्रकारच्या अडचणीतून जाणारी माणसं एकमेकांना ऐकतात, अनुभव सांगतात. तिथे निदान होत नाही, औषध बदलत नाही. दोन्ही चालू असलेल्या उपचारांच्या जोडीला असतात, त्यांच्या जागी नाही. हे मला आधी माहीत असतं, तर मी त्या माईकवाल्या हॉलमधून पहिल्याच दिवशी उठलो असतो.

ही कल्पना नवी नाही. १९०५ मध्ये बोस्टनच्या जोसेफ प्रॅट या डॉक्टरांनी क्षयाच्या गरीब रुग्णांचे वर्ग सुरू केले, आणि एकत्र बसण्यानंच रुग्णांना धीर येतो हे त्यांच्या लक्षात आलं. १९३५ मध्ये अमेरिकेतच अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू झालं आणि १९५१ मध्ये मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन. आपल्याकडे पुण्यात ‘सा’, म्हणजे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, ही संस्था कॅनडात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी उभी केली. त्यांच्या पत्नीलाच हा आजार होता. ‘देवराई’ हा २००४ चा चित्रपटही त्यांच्याच पाठबळानं झाला. या कामात मराठीत दोन शब्द रुजले आहेत: आजारातून जाणारा तो शुभार्थी आणि त्याला सांभाळणारा तो शुभंकर. ‘पेशंट’ आणि ‘त्याची आई’ यापेक्षा मला हे शब्द आवडतात. आईलाही आवडले.

चौथी बैठक

गटाचा पहिला नियम असा, की तिथलं तिथेच राहतं. त्यामुळे इतरांबद्दल मी काहीच लिहिणार नाही. आमच्यापुरतं सांगतो.

पहिल्या तीन बैठकांना आई एक शब्द बोलली नाही. गट तेलुगू आणि हिंदीत चालायचा. दोन्ही तिला येतात, भाजी घेण्याइतपत आणि त्याहून बरंच जास्त. पण मनातलं बोलायला ती भाषा पुरेना. चौथ्या वेळी तिनं विचारलं, ‘‘मराठीत बोलू का? कळलं नाही तरी चालेल.’’ बाई म्हणाल्या, बोला. आई म्हणाली, ‘‘बारा वर्षं झाली, मी लोकांना सांगते की माझा मोठा मुलगा पुण्यात असतो. तो घरीच असतो. मागच्या खोलीत. मी त्याला जेवायला वाढते आणि दार लावून घेते.’’

मी शेजारीच बसलो होतो. एवढी वाक्यं मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. बाईंनी मला हिंदीत सांगायला सांगितलं. मी सांगायला लागलो आणि ‘दार’ या शब्दापाशी अडकलो, कारण ते दार बऱ्याचदा मीही लावलं होतं.

नंतरच्या महिन्यांत घरात काही गोष्टी बदलल्या. दादा आवाजांबद्दल बोलला की आम्ही ‘असं काही नाहीये’ म्हणून वाद घालायचो. आता ‘तुला त्रास होतोय ना, बस इथे’ म्हणतो. घरातली सततची टीका आणि चिडचिड यांचा आजार उलटण्याशी संबंध असतो, हे ब्रिटनमधल्या संशोधकांनी १९७२ मध्येच दाखवून दिलं होतं. आम्हाला ते २०२३ मध्ये कळलं. आई पुन्हा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जायला लागली. कुणी विचारलं तर म्हणते, ‘‘घरीच असतो. तब्येत नाजूक आहे त्याची. औषधं चालू आहेत.’’ बहुतेक जणी पुढे काही विचारत नाहीत. एकीनं मात्र तिला बाजूला घेऊन स्वतःच्या भावाचं सांगितलं.

सगळं छान झालं असं नाही. बैठक कामाच्या दिवशी सकाळी असते, त्यामुळे मला रजा टाकावी लागते. एका महिन्यात तिघंच आले होते. दादा स्वतः शुभार्थींच्या गटाला दोनदा गेला आणि म्हणाला, ‘‘मला नाही जमत.’’ आम्ही आग्रह सोडला. आणि ‘माझ्यानंतर काय’ हा प्रश्न अजून आहेच. फरक इतकाच, की आता आम्ही तिघं आणि माझी बायको त्यावर समोरासमोर बसून बोलतो, कागदावर लिहितो.

आपल्यातली नकोत

मी आईला म्हणालो होतो, आपल्या मराठी मंडळातच असा गट काढू या का? तिनं ठामपणे नाही म्हटलं. ‘‘आपल्यातली नकोत बाबा. उद्या लग्नकार्यात तीच माणसं समोर.’’ खरं आहे. आपले समाज लहान. इथली प्रत्येक मावशी कुणाच्या तरी नणंदेची जाऊ असते. अनोळखी तेलुगू बायकांपुढे बोलणं तिला सोपं गेलं, आणि तरी बोलायला मराठीच लागली.

यावर मला सुचलेला मार्ग ऑनलाइन गटांचा आहे. इंदूर, बेळगाव, बडोदे, हैदराबाद असे चार गावांतले लोक असले, तर भाषा आपली राहते आणि नातीगोती आड येत नाहीत. मंडळांनी स्वतः गट चालवू नये, ते प्रशिक्षित माणसाचं काम आहे. पण वर्षातून एकदा एखाद्या तज्ज्ञाचं व्याख्यान ठेवता येईल आणि सूचनाफलकावर एक नंबर लावता येईल.

शोधायचा असेल तर

सुरुवात इंटरनेटवरून करू नका. जिथे उपचार चालू आहेत तिथल्या डॉक्टरांना आणि सामाजिक कार्यकर्त्यांना विचारा. उपचार सुरूच नसतील, तर गावातल्या सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग गाठा. गोव्यात बांबोळीची संस्था आहे, शिवाय १९९६ पासून काम करणारी ‘संगथ’ आहे. बेळगावकरांना धारवाड जवळ. इंदुरात बाणगंगा, ग्वाल्हेरला मानसिक आरोग्यशाला, बडोद्यात कारेलीबाग, आमच्याकडे एर्रागड्डा. विनोदातली ही नावं खरोखर उपयोगाची आहेत. घरात दारूचा प्रश्न असेल, तर एए आणि अल-ॲनॉनच्या बैठकांना फी नसते आणि पूर्ण नावही सांगावं लागत नाही.

गटात जाण्याआधी फोनवर इतकं विचारा:

– गट कोण चालवतं आणि त्यांचं प्रशिक्षण काय? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असायला हवी.
– आजार असणाऱ्यांचा गट आहे की घरच्यांचा?
– कधीही येता येतं की ठरावीक आठवडे बांधून घ्यावे लागतात?
– बोललेलं बाहेर जाणार नाही याचा नियम काय?
– कुणी आत्महत्येबद्दल बोललं तर तुम्ही काय करता? याला सरळ उत्तर आलं नाही, तर तिथे जाऊ नका.

आणि कुणी गोळ्या बंद करायला सांगितलं, पुढचा कोर्स विकायला लागलं किंवा बरं करण्याची हमी दिली, तर उठून या. मी उठलो नाही, त्याची किंमत दादानं दिली.

एखादा माणूस आत्ता, आजच संकटात असेल, तर गटाची वाट बघायची नाही. ‘टेली मानस’ या केंद्र सरकारच्या सेवेचा नंबर १४४१६. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास आणि मोफत. मराठीतही बोलता येतं. जीव धोक्यात असेल तर सरळ जवळच्या रुग्णालयात न्या.

पहिल्या बैठकीत काही वाटलं नाही, तर आणखी दोन-तीनदा जाऊन बघा. आईला चार लागल्या.

हा लेख छापायला देण्याआधी मी दादाला वाचून दाखवला. त्यानं दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली. माझं नाव घालू नकोस म्हणाला, ते घातलेलं नाही. शेवटी त्यानं विचारलं, ‘‘पुण्याचं लिहिलंस का?’’ मी हो म्हणालो. तो म्हणाला, ‘‘मी पुणं अजून पाहिलेलं नाही.’’

दिवाळीनंतर जायचं ठरलंय. तिकिटं काढली आहेत. चार.