लग्नाचा ठेका देताना कागद करा. फसवणूक झाली तर तक्रार अशी नोंदवा

रमजान ईद झाली की आपल्याकडे लग्नांची घाई सुरू होते. शव्वालपासून बकरी ईदपर्यंत चांगल्या हॉलच्या तारखा मिळणं कठीण. त्यात कोकणातली कितीतरी मुलं कुवेत, सौदी, कतारमध्ये नोकरीला. त्यांना सुट्टी मिळते महिना-दीड महिन्याची, म्हणून तारीख पुढे-मागे करता येत नाही. मग हॉल, मंडप, देग, व्हिडिओ, सगळं एकाच ‘वेडिंग प्लॅनर’कडे फोनवर सोपवलं जातं आणि ॲडव्हान्स तिकडूनच येतो. लबाड माणसाला नेमकी हीच घाई हवी असते.

सगळेच प्लॅनर वाईट नसतात, हे आधी सांगायला हवं. पण फसवणूक बहुतेक वेळा ठरलेल्या पद्धतीने होते. दुसऱ्याच्या कामाचे फोटो आपले म्हणून दाखवायचे, ‘आणखी एक पार्टी याच तारखेसाठी थांबली आहे’ म्हणून आजच पैसे मागायचे, आणि लग्नाला आठ दिवस उरले की ‘बाकी रक्कम आताच द्या, नाहीतर काम होणार नाही’ असं सांगायचं. कार्ड वाटून झालेली असतात. मुलीचे वडील त्या वेळी काहीही द्यायला तयार होतात.

म्हणून काळजी घ्यायची ती पहिल्या भेटीत. हॉलच्या कार्यालयात स्वतः जा, तारखेच्या रजिस्टरमध्ये आपलं नाव लिहिलेलं बघा आणि हॉलचे पैसे हॉललाच देऊन पावती घ्या. जमातखाना असेल तर बहुतेक ठिकाणी ट्रस्टच्या पावतीवरच बुकिंग होतं, मध्ये कोणी लागत नाही. प्लॅनरने मागच्या मोसमात केलेल्या दोन-तीन लग्नांच्या घरच्यांशी बोला. तो बिलावर जीएसटी लावत असेल तर त्याचा क्रमांक जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकून बघा. नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसतं.

आता कागदाबद्दल. ‘ओळखीतला माणूस आहे, पावती कशी मागायची?’ हे वाक्य मी कितीतरी पालकांकडून ऐकलं आहे. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणारे आपण दोन लाख देताना एकदम शरीफ होतो. सूरह बकराच्या आयत २८२ मध्ये मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार घेण्याची ताकीद आहे. कुरआनातली ही सर्वांत लांब आयत आहे. तेव्हा पावती मागण्यात समोरच्याचा अपमान नाही.

लिहायचं काय? ‘२० देग बिर्याणी’ एवढं पुरेसं नाही, कारण प्रत्येकाची देग वेगळी. एका देगेत किती किलो तांदूळ, किती किलो मटण, ते लिहा. मंडपाची लांबी-रुंदी, खुर्च्या, जनरेटर, वाढपी किती, तेही लिहा. निकाह आणि वलीमा यांचा हिशेब वेगळा ठेवा. कार्यक्रम रद्द झाला तर किती पैसे परत, आणि कोणत्या तारखेपर्यंत, ही ओळ हवीच. रक्कम टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचा हप्ता वलीमा झाल्यावर. रोख दिलीच आणि पावती मिळाली नाही, तर त्याच संध्याकाळी त्याला व्हॉट्सॲपवर लिहा: ‘आज तुमच्या दुकानात ५० हजार रोख दिले, एकूण दीड लाख झाले.’ तो नुसतं ‘ओके’ म्हणाला तरी पुरावा झाला. ती चॅट पुसू नका, फोनही विकू नका.

एवढं करूनही पैसे बुडाले तर?

यूपीआय किंवा बँकेतून पैसे पाठवल्यावर तो ठगच निघाला असं कळलं, तर त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. उद्या भावाला विचारून करतो, असं नको. समोरच्या खात्यातून पैसे निघायच्या आत ते गोठवता येतात, म्हणून तासातासाचा फरक पडतो.

पोलीस ठाण्यात गेलात की पुष्कळदा ऐकायला मिळतं, ‘हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.’ यात थोडं तथ्य आहे. जेवण कमी पडलं, सजावट ठरल्यासारखी नव्हती, हा गुन्हा नाही; ती सेवेतली कसूर आहे. पण एकच तारीख दोघांना विकली, हॉलची खोटी पावती दिली, पैसे घेतले तेव्हाच काम करायचं नव्हतं, तर ती फसवणूक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणून अर्जात ‘काम वाईट केलं’ असं मोघम लिहू नका. सुरुवातीलाच काय खोटं सांगितलं, ते तारखेनिशी लिहा. प्लॅनर मुंबईचा आणि तुम्ही चिपळूणचे असलात तरी एफआयआर जवळच्या ठाण्यात देता येतो, तो पुढे पाठवला जातो. प्रत मोफत मिळते. नोंद करायला नकार मिळाला तर लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. त्यानेही झालं नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

सेवेतल्या कसुरीसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघा. काही वेळा तेवढ्यानेच समोरचा वठणीवर येतो. आयोगाकडे तक्रार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात करता येते, वकील सक्तीचा नाही, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मुदत मात्र दोन वर्षांची.

या मुदतीकडे लक्ष ठेवा, कारण आपल्याकडे प्रकरण आधी जमातीच्या बुजुर्गांसमोर जातं. त्यात गैर काही नाही, पण समझोता तोंडी नको; रक्कम आणि तारीख घालून दोघांच्या सह्या घ्या. परतफेडीचा चेक दिला तर तो कपाटात ठेवू नका. चेक तीन महिनेच चालतो. तो परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर त्यापुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार करायची.

‘बदनामी होईल, मुलीच्या सासरी काय वाटेल’ म्हणून गप्प बसणारी घरं बरीच आहेत. त्यांचा संकोच मला समजतो, पण तोच माणूस पुढच्या मोसमात दुसऱ्या घरी बयाणा घ्यायला जातो. खर्चाची भीती असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. बुकिंग आईच्या किंवा मुलीच्या नावावर असेल तर अर्ज तिनेच करावा. सोबत करारनामा, पावत्या, बँकेचा उतारा, चॅटच्या छापील प्रती आणि ओळखपत्राची झेरॉक्स न्यावी.