मोटारीचें सुकाणू : मदतीचें यंत्र काढावें काय ?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील आपली जुनी मोटार घेऊन आमच्याकडे आले. गाडीच्या पॉवर स्टिअरिंगचें तेल गळूं लागलें होतें. दुरुस्ती महाग पडेल, त्यापेक्षां पंपाचा पट्टा काढून टाका, म्हणजे गाडी जुन्या गाड्यांसारखी साधी होईल, असा सल्ला त्यांस कोणी दिला होता. "सर, आपण विज्ञान शिकवितां, हें बरोबर आहे काय?" असें त्यांनीं विचारिलें. आम्हीं दिलेलें उत्तर इतर पालकांच्याही उपयोगीं पडेल व मुलांस तरफेचा पाठ त्यांत दिसेल, म्हणून तें येथें थोडक्यांत देत आहों.

साध्या सुकाणूची रचना फार कठीण नाहीं. चालकाच्या हातांतील चक्राचा दांडा खालीं एका लहान दंतचक्रास जोडलेला असतो. त्यास कारागीर पिनियन म्हणतात. त्याचे दांते एका आडव्या दांतेरी पट्टींत, म्हणजे रॅकमध्यें, बसतात. चक्र फिरलें कीं रॅक डावीकडे किंवा उजवीकडे सरकतो आणि दोन्ही टोकांच्या दांड्यांच्या योगें पुढचीं चाकें वळतात. पहारीनें धोंडा हालवितांना आपण तिचें लांब टोक पुष्कळ खालीं दाबतों, तेव्हां धोंडा थोडासाच उचलतो. परंतु जें अंतर आपण खर्चितों तें बळाच्या रूपानें परत मिळतें. येथेंही तोच नियम आहे. चक्राचे फेरे अधिक, तर हातास श्रम कमी.

मारुती ८०० ही मोटार १९८३ सालीं निघाली व २०१४ पर्यंत बनत होती. तिचें वजन सुमारें ६५० किलो, टायर अरुंद. तिला बाहेरच्या मदतीची गरज नव्हती. मुंबईच्या कुर्ल्यास बनलेली प्रीमियर पद्मिनीही हातबळावरच वळे; तिची अखेरची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या रस्त्यांवरून निघून गेली. परंतु मोटारी जड झाल्या, टायर रुंद झाले, तसें हातबळ अपुरें पडूं लागलें. फ्रान्सिस डेव्हिस नांवाच्या अमेरिकन अभियंत्यानें १९२६ सालीं तेलाच्या दाबानें सुकाणूस मदत देणारें यंत्र मोटारीस जोडून दाखविलें, आणि १९५१ सालीं क्रायस्लर कंपनीनें असें यंत्र विक्रीच्या मोटारींत आणिलें.

या यंत्रांत इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो. सुकाणूच्या दांड्यांत एक बारीक सळई असते. हात फिरला कीं ती किंचित् पिळते, त्या पिळानें झडप उघडते आणि दाबाखालचें तेल रॅकवरील दट्ट्याच्या एका बाजूस शिरून त्यास ढकलतें. मदत मिळणारच, म्हणून कारखानदार चक्राचे फेरे कमी ठेवितात. समजा, चाकें एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळविण्यास साध्या रॅकला चार फेरे लागतात. मदतीच्या रॅकला तेथें तीन पुरतात.

आतां नुसता पट्टा काढला तर काय होईल ? मदत गेली, पण तीन फेऱ्यांचें प्रमाण तसेंच राहिलें. म्हणजे त्याच चाकांसाठीं साध्या रॅकपेक्षां एकतृतीयांश बळ अधिक लागेल. शिवाय दट्ट्या जागेवरच असल्यामुळें त्याच्या पुढचें तेल प्रत्येक वळणास आपल्याच हातांनीं ढकलावें लागेल. सळई आधीं पिळेल व मग चाक वळेल, त्यामुळें हातास ढिलाई जाणवेल. कांहीं गाड्यांत तोच पट्टा इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपही फिरवितो. तेथें पट्टा काढणें म्हणजे इंजिन जाळणें होय. गाडी वेगांत असतां हा जडपणा फारसा कळत नाहीं. बाजारांत गाडी लावतांना, किंवा बिजासन घाटाच्या वळणावर मालमोटारींच्या मागें हळूहळू सरकतांना, तो नेमका प्रकट होतो.

खरा बदल करावयाचा तर त्याच जातीच्या, मदतीवांचून निघालेल्या गाडीचा साधा रॅक मिळाला पाहिजे. तो त्याच्या दांड्यांसह बसवावा. पंप, नळ्या व तेलाची टाकी काढावी. बाकीच्या यंत्रांसाठीं योग्य लांबीचा पट्टा घालावा. आणि शेवटीं चाकांची अलाइनमेंट करून मोकळ्या मैदानांत गाडी चालवून पाहावी. जुन्याच रॅकमधील झडप डाग देऊन पक्की करण्याची युक्ति कोणी सांगतात. सुकाणूवर असले प्रयोग करूं नयेत; तो सांधा तुटला तर चूक सुधारावयास दुसरी संधि मिळत नाहीं.

कायद्याचाही विचार हवा. मोटार वाहन अधिनियम १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणें गाडीच्या मूळ बनावटींत मनास येईल तसा बदल करतां येत नाहीं. म्हणून आधीं परिवहन कार्यालयांत विचारावें. १९८९ च्या नियमांत सुकाणूची मोकळी हालचाल ३० अंशांपेक्षां अधिक नसावी असें आहे. तीस अंश म्हणजे वर्तुळाचा बारावा भाग. मुलांनीं आपल्या घरच्या गाडीचें चक्र वडिलांसमक्ष हालवून हें अवश्य पाहावें.

अलीकडच्या बहुतेक लहान गाड्यांत तेलाऐवजीं विजेची मोटर मदत करिते. ही सोय १९८८ सालीं जपानच्या सुझुकी सेर्व्हो या गाडींत आली. तिचा फ्यूज काढल्यानेंही गाडी साधी होत नाहीं; ती मोटर हातांनींच ओढीत बसावें लागतें.

एवढें सांगून आम्हीं त्या गृहस्थांस एकच प्रश्न केला : "ही गाडी घरीं कोण चालवितें ?" ते थोडे थांबले. मुलाची आई परिचारिका आहे; रात्रीं-अपरात्रीं दवाखान्यांत जातांना गाडी तीच चालविते. पट्टा काढून वांचणारे पैसे तिच्या मनगटांतून वसूल झाले असते, हें त्यांच्या ध्यानांत आलें. पुढें गाडी तपासून घेतली, तेव्हां एक नळी व एक सील एवढेंच खराब निघालें, आणि तें बदलून काम भागलें.

याकोबाच्या पत्रांत लहानशा सुकाणूनें मोठें तारूं वळतें असा दृष्टान्त आहे. एवढ्या लहान वस्तूवर एवढा भार असतो, म्हणूनच तिला हात लावण्यापूर्वीं तिची रचना समजून घ्यावी, आणि ती उद्यां कोणाच्या हातीं असेल याचीही आठवण ठेवावी.