फोड अंगावर, तपासणी रक्ताची

तोंड येते आणि महिना झाला तरी बरे होत नाही. मग छातीपाठीवर पाण्याचे फोड उठतात, फुटतात, खाली ओली सोललेली कातडी उरते. हा पेम्फिगस असू शकतो. आपल्याकडे त्यालाही नागीण समजून मंत्र मारून घेतला जातो आणि मोलाचे दिवस जातात. नागीण विषाणूमुळे होते, सहसा अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते. पेम्फिगसमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणाच त्वचेच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या प्रथिनांवर उलटते. तो कुणाचा कुणाला लागत नाही. रुग्णाचे ताट-पेला वेगळे करण्याचे पाप निदान आपल्या घरांत तरी होऊ नये.

उपचारात मुख्य औषध स्टेरॉइड. त्याने जीव वाचतो, हे आधी सांगितले पाहिजे. पण विदर्भात, त्यातही आपल्या समाजात, सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. ज्याला सिकलसेलचा आजार (एसएस) आहे, त्याला जास्त मात्रेतले स्टेरॉइड घेताना किंवा ते बंद करताना हाडे-सांधे दुखण्याचा झटका येऊ शकतो. वाहकांना (एएस) सहसा हा त्रास होत नाही. स्टेरॉइडने साखरही वाढते. ती मोजणारी तीन महिन्यांची एचबीए१सी तपासणी एसएस रुग्णात फसवी ठरते, कारण त्याच्या लाल पेशी लवकर मरतात. अशा वेळी नेहमीची उपाशीपोटी आणि जेवणानंतरची तपासणीच बरी. सिकलसेलसाठी हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल आणि फोडांसाठी अझाथायोप्रिन सुरू झाले, तर दोन्ही औषधे पांढऱ्या पेशी कमी करतात. कुष्ठरोगातली डॅप्सोनची गोळी फोडांच्या काही आजारांतही देतात. ती सुरू करण्याआधी जी६पीडी तपासावे लागते, नाहीतर लाल पेशी फुटून रक्त झपाट्याने उतरते.

क्वचित उलटेही असते. लिम्फोमासारख्या रक्ताच्या कर्करोगामुळेच ओठ-तोंड सोलून निघते. हा प्रकार १९९० मध्ये प्रथम ओळखला गेला.

आमच्या मते खरी अडचण वेगळीच आहे. पोरीचे लग्न मोडेल म्हणून घरोघरी सिकलसेलचे कार्ड पेटीत लपवले जाते, आणि मेडिकल किंवा मेयोच्या त्वचारोग ओपीडीत डॉक्टरांनी विचारले तरी 'काही नाही' असे उत्तर मिळते. ते कार्ड फोडांच्या कागदांसोबत न्यावे. हरवले असेल तर इलेक्ट्रोफोरेसिस पुन्हा करता येते. नुकतेच रक्त चढवले असेल तर तेही सांगावे. दुसऱ्याच्या रक्तामुळे निकाल चुकू शकतो.