बोअरमधलं पाणी टाळीने मोजताना

झरी जामणीकडे उन्हाळा चढला, की बोअरचं पाणी किती खाली गेलं हा घोर लागतो. आत मोटर असली की दोर सोडणं जिकिरीचं, वजन वायरीत अडकतं. अशा वेळी आवाज खाली सोडायचा आणि तो परत यायला किती वेळ लागतो ते बघायचं.

आवाज परत का येतो? हवेतली लहर पाण्याला भिडते, तेव्हा हवेचे कण पाण्याला ढकलू पाहतात. पाणी जड आणि सहसा न दबणारं, ते जवळपास हलत नाही. मग जोर उलटा फिरतो. माध्यमाच्या या अडवणुकीला ध्वनिरोध म्हणतात. घनतेला आवाजाच्या वेगाने गुणलं की तो मिळतो. हवेचा सुमारे 415, पाण्याचा जवळपास 15 लाख. त्यामुळे हजारातला जेमतेम एक भाग ऊर्जा पाण्यात शिरते. दोन्हीकडे रोध सारखाच असता, तर काहीच परतलं नसतं.

आधी मोटर बंद ठेवून पाणी स्थिर होऊ द्यावं. सकाळी, मोटर लावण्यापूर्वी मोजलेलं उत्तम.

मग झाकण काढावं. लेकरांना लांब ठेवावं, हे वेगळं सांगायला नको.

मोबाइल केसिंगच्या तोंडाशी धरून रेकॉर्डिंग सुरू करावं आणि दोन लाकडी फळ्या एकमेकींवर आपटाव्यात. हाक मारू नये. लांबलेल्या आवाजावरच प्रतिध्वनी चढतो आणि काही कळत नाही.

रेकॉर्डिंगचा आलेख दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये आपटल्याची खूण आणि नंतरची ठळक खूण यांतला वेळ वाचावा. समजा 0.2 सेकंद आला. सेकंदाला 348 मीटर वेगाने आवाज 69.6 मीटर चालला, पण जाऊन-येऊन. म्हणून पाणी 34.8 मीटरवर, म्हणजे 114 फुटांवर. निम्मं करायला विसरणं ही सगळ्यात नेहमीची चूक. मग चांगला बोअर उगाच आटल्यासारखा वाटतो.

दुसरी चूक तापमानाची. वर 44 अंश असले तरी बोअरच्या आत साधारण 28 अंशच असतात, आणि 348 हा वेग त्या 28 अंशांचाच. बाहेरचं तापमान धरून वेग काढला, तर याच बोअरला तीन फुटांचा फरक पडतो.

तिसरी गोष्ट जरा गमतीची आहे. लहर परतायला दुसरं माध्यमच लागतं असं नाही, भोक अरुंद किंवा रुंद झालं तरी थोडी लहर मागे येते. केसिंग संपते तिथे हे होतं. मुकुटबनच्या बाजूला चुनखडक आहे. असा खडक पाण्याने झिजून त्यात पोकळ्या पडू शकतात. बोअर अशा पोकळीत उघडला, तर दाबाची लहर तिथून उलटी होऊन येते: आलेखात उंचवट्याच्या जागी खळगा. म्हणून पहिली बारीक खूण दिसली की तिलाच पाणी समजू नये. पाण्याची खूण सहसा त्यानंतरची आणि सगळ्यांत ठळक असते. शंका वाटली तर दुप्पट वेळेवर पुसटशी पुन्हा उमटते का ते पाहावं. पाण्यावरून आलेला आवाज तोंडाशी आपटून परत खाली जातो.

वरच्या झिऱ्यातून पाणी टपकत असेल तर आलेख नुसता गढूळ येतो. मग चार-पाचदा आपटून दरवेळी त्याच जागी येणारी खूण धरावी, आणि झाकण लगेच लावून टाकावं.