बंदुकीतले शिसे ताटात येते तेव्हा

भात पोटरीला आले की रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोंगराकडच्या वाड्यांमध्ये रात्रीची राखण सुरू होते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत कुणगेच्या कुणगे आडवे करतो. म्हणून कोकणातल्या अनेक घरांत पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक असते. तिच्याविषयी चर्चा होते ती परवान्याची, नुकसानभरपाईची आणि वन्यजीव कायद्याची. नळीतून बाहेर पडणाऱ्या धातूचा विषय मात्र निघत नाही. तो धातू म्हणजे शिसे.

शिसे जड, मऊ आणि स्वस्त. अवघ्या ३२७ अंश सेल्सिअसला ते वितळते. पण हाच मऊपणा घातक ठरतो. रायफलची वेगवान गोळी हाडावर आदळली की शिशाचे बारीक तुकडे उडतात. काही कण इतके सूक्ष्म असतात की ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि दाताखालीही लागत नाहीत. एक्स-रेमध्ये मात्र जखमेपासून बऱ्याच अंतरापर्यंत पांढरे ठिपके दिसतात. त्यामुळे जखमेभोवतीचे मांस कापून टाकले तरी उरलेले सुरक्षित असेलच असे नाही. ठासणीच्या बंदुकीत वेग कमी असल्याने तुकडे कमी होतात, पण छर्रे अंगातच राहतात.

अमेरिकेत हरणाची शिकार कायदेशीर आहे. तिथल्या नॉर्थ डकोटा राज्यात २००८ मध्ये गरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या मांसात शिशाचे कण सापडले. त्यानंतर ७३८ जणांचे रक्त तपासण्यात आले. शिकारीचे मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिसे किंचित जास्त आढळले. फरक लहान होता. पण शिशाची कोणतीही पातळी निर्धोक मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

कारण शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसते. ते हाडांत साठते आणि वर्षानुवर्षे तिथेच राहते. गरोदरपणात हाडांतले कॅल्शियम बाळासाठी सुटते, तेव्हा त्यासोबत शिसेही सुटते. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर त्याचा सर्वाधिक परिणाम होतो. मोठ्यांमध्ये रक्तदाब आणि मूत्रपिंडाचे विकार वाढतात.

माणसाआधी हा फटका बसला तो गिधाडांना. शिकारी आतडी रानातच टाकतात, ती गिधाडे खातात आणि त्यांच्या पोटातल्या तीव्र आम्लात शिसे विरघळते. कॅलिफोर्नियातील काँडोर हे महाकाय गिधाड १९८२ मध्ये अवघे २२ उरले होते. त्यामागे शिशाची विषबाधा हे एक मोठे कारण होते. अखेर कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाचा वापर पूर्ण बंद केला.

शिशाला पर्याय म्हणून तांब्याची गोळी पुढे आली. ती एकसंध असते. आदळल्यावर तिचे टोक पाकळ्यांसारखे उमलते, पण ती सहसा फुटत नाही. मात्र तांबे शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. म्हणून तिथे घरी काडतुसे भरणारे शिकारी सहसा थोडी हलकी आणि वेगवान गोळी निवडतात, कारण वेग कमी पडला तर पाकळ्या उमलत नाहीत. नुसता धातू बदलून भागत नाही; बंदूक, गोळी आणि काडतूस यांचा मेळ बसावा लागतो. जुन्या नळीतून शिशापेक्षा कठीण छर्रे मारणे तर जिवावर बेतू शकते.

आपल्याकडे हा मार्ग खुला नाही आणि तो असण्याची गरजही नाही. भेकर किंवा सांबर मारणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. परवान्याशिवाय काडतुसे बनवणे १९५९ च्या शस्त्र कायद्यात बसत नाही. पीक उद्ध्वस्त करणारे रानडुक्कर मारायलाही वनखात्याची लेखी परवानगी लागते आणि मेलेले जनावर सरकारच्या मालकीचे होते. त्याची सागुती वाटून घेता येत नाही.

हा नियम अनेकांना जाचक वाटतो, पण तो आरोग्याच्याही हिताचा आहे. परवानगीने मारलेले जनावर खोल पुरले तर शिसे ना ताटात येते, ना गिधाडांच्या पोटात जाते. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकने देशातील गिधाडे आधीच संपत आणली. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’सारख्या संस्था जी मोजकी गिधाडे जपत आल्या, त्यांच्या वाट्याला आता शिसे येऊ नये.

बंदूक नसलेल्या घरातही शिसे असते. मासेमारीच्या पागाला शिशाच्या गोळ्या लावतात. शिसे स्वयंपाकाच्या चुलीवर किंवा घरातल्या भांड्यात कधीही वितळवू नये. ते हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नये. मुलांना त्या गोळ्यांशी खेळू देऊ नये. घरात शिसे वितळवले जात असेल, तर डॉक्टरांना तसे सांगून मुलांच्या रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी. सुरुवातीला शिशाची विषबाधा ना दुखत, ना दिसत. ती कळते फक्त तपासणीतून.